तिसऱ्या पंपाचा ब्रेक

जवळा बाजारात जुनी गाडी विकायला निघाली की घेणारा तिच्याभोवती एक चक्कर मारतो, पुढच्या टायरला हलकी लाथ घालतो आणि तीन प्रश्न विचारतो. अ‍ॅव्हरेज किती देती, माणसं किती बसतेत आणि चढाला दम खाती का. गाडी थांबते का, हे कुणी विचारलेलं मी आजवर ऐकलं नाही. विचारायचं तरी कशाला? हट्ट्याकडून येणारी गाडी गावात शिरली की समोर हळदीची पोती भरलेला ट्रॅक्टर, त्याच्या मागं उलटा वळणारा टेम्पो, रस्त्याच्या मधोमध रवंथ करणारी म्हैस आणि कुणी टाकला हे कुणालाच ठाऊक नसलेला गतिरोधक. इतक्या जणांनी मिळून थांबवल्यावर ब्रेकला वेगळं काम उरत नाही. थांबणं ही आमच्याकडं गाडीची नव्हे, गावाची जबाबदारी आहे.

तरीही ब्रेक असतो. असतो म्हणजे लगेच लागतो असं नव्हे. आमच्या भागातल्या काळी-पिवळी जीपचा ड्रायव्हर नव्या माणसाला गाडी चालवायला देताना मोठ्या मायेनं सांगतो, “घाबरायचं नाही, तिसऱ्या पंपाला लागतो.” पहिला पंप ब्रेकला जागं करायला, दुसरा काम सांगायला आणि तिसऱ्याला तो उठून कामाला लागतो. ड्रायव्हरनं हे सगळं रस्त्यावरच्या खुणांशी बांधून ठेवलेलं असतं. औंढ्याला जाताना रसवंती दिसली की पहिला, पानटपरीपाशी दुसरा आणि फाट्याच्या लिंबाखाली तिसरा. एका उन्हाळ्यात रसवंतीवाल्यानं गाडा पन्नास पावलं पुढं सरकवला, तर दोन दिवस सगळ्या जिपा लिंबाच्या पुढं जाऊन थांबत होत्या आणि पॅसेंजर मागं चालत येत होते.

यामागचं कारण अगदी साधं असतं. लाइनीत हवा शिरलेली असते, नाहीतर मागचे लायनर झिजून पार पत्र्याला आलेले असतात. पहिल्या दोन दाबांत ती हवा आवळली जाते, ड्रमातले शूज थोडे बाहेर सरकतात आणि तिसऱ्यात काहीतरी हाताला, म्हणजे पायाला, लागतं. पण हे दुरुस्त करण्यासारखं आहे असं कुणाला वाटत नाही. उलट पहिल्याच दाबात ब्रेक लागणारी गाडी आमच्याकडं नवशिक्याची समजतात.

वेगाचं वेड मात्र आम्हाला नाही असं कुणी म्हणू नये. शंकरपट म्हटलं की पेरणीसुद्धा एक दिवस मागं सरते. सर्वोच्च न्यायालयानं ७ मे २०१४ ला बैलांच्या शर्यतींवर बंदी घातली तेव्हा चेहरे पडले होते. १६ डिसेंबर २०२१ ला महाराष्ट्रात अटींसह परवानगी मिळाली, १८ मे २०२३ ला घटनापीठानं कायद्यावर शिक्कामोर्तब केलं आणि पुन्हा रानं दणाणली. जोडी सुटते, धुरळा उडतो, निकाल लागतो. मग जोडी थांबवायची कशी? तर निकालाच्या रेघेपुढं भरपूर मोकळं रान ठेवायचं आणि त्या रानात उभं राहू नका असं लाउडस्पीकरवरून सांगत राहायचं. हीच तिथली ब्रेक व्यवस्था.

अशा परंपरेत वाढलेला आमचा भाचा नांदेडच्या श्री गुरुगोविंदसिंहजी अभियांत्रिकीतून इंजिनेर झाला, पुण्याला नोकरीला लागला आणि थांबण्याचा नाद घेऊन परत आला. कॉलेजात असताना त्यानं इंदूरजवळच्या पीथमपूरची बाहा स्पर्धा पाहिली होती. पोरांनीच बनवलेल्या गाड्यांची ही स्पर्धा. तिथं म्हणे गाडी पळवू देण्याआधी ब्रेकची परीक्षा घेतात. थोडी पळवायची, ब्रेक मारायचा, चारही चाकं एकदम जाम झाली पाहिजेत. नाही झाली तर गाडी शर्यतीला उतरूच देत नाहीत. हे ऐकून आमचे मिस्त्री म्हणाले, “मी केलेल्या गाडीची बी चाकं जाम होतेत. ब्रेक न मारता.”

तर हा भाचा आपली जुनी पोलो घेऊन शनिवारी सकाळी दारात हजर झाला. कोइंबतूरला करी मोटर स्पीडवे म्हणून ट्रॅक आहे. एस. करिवर्धन नावाच्या गिरणीमालकानं आपल्या देशात स्वस्तातल्या रेसच्या गाड्या बनवल्या आणि कितीतरी पोरांना रेसिंगला लावलं. १९९५ मध्ये ते विमान अपघातात गेले. २००३ मध्ये सुरू झालेल्या या ट्रॅकला त्यांचंच नाव आहे. दोन किलोमीटरहून जरासा मोठा, वळणावळणांचा. तिथं ट्रॅक डेला गाडी पळवायची आणि त्याची तयारी करायला हा जवळा बाजारला आलेला. कोल्हापूरकडं अशी गोष्ट कुणाला समजावून सांगावी लागत नाही. तिकडं कार्टिंगचा ट्रॅक आहे, तिकडचा कृष्णराज महाडिक इंग्लंडात फॉर्म्युला थ्रीमध्ये पळून आलाय. आमच्याकडं मात्र मामीनं पहिलाच प्रश्न विचारला, “एवढं पुणं सोडून तयारी इथं कामून?”

पुण्यातल्या त्याच्या सोसायटीत पार्किंगमध्ये तेलाचा थेंब सांडला तर नोटीस येते. जॅक लावला तर वॉचमन शिट्टी वाजवतो. मामाच्या अंगणात मात्र काहीही सांडता येतं. खेड्याचं हे महत्त्व अजून कुठल्या पर्यटन विभागाच्या लक्षात आलेलं दिसत नाही.

बॉनेट उघडलं की माणसं जमतात, हा निसर्गनियम आहे. उघडलेल्या बॉनेटपुढं दोन्ही हात मागं बांधून, किंचित वाकून, इंजिनाकडं बघत उभं राहणं हा आमच्याकडच्या पुरुषांचा आवडता विसावा. काही समजायची गरज नसते. अधूनमधून “कॉइल गरम होत आसंल” एवढं म्हटलं तरी भागतं. आबा आले, दूध संकलन केंद्रावरचे तात्या आले, हॉटेलवाला फडक्याला हात पुसत आला, आमचे मिस्त्री तर बोलावण्याआधीच आले. सगळ्यांची नजर इंजिनावर. भाच्याचं बोट मात्र कोपऱ्यातल्या एका पांढुरक्या प्लास्टिकच्या बाटलीवर. तिच्या अंगावर दोन रेघा. वरची मॅक्स, खालची मिन. तेल खालच्या रेघेच्या जरासं वर.

मिस्त्रींनी एक नजर टाकली आणि खिशातून ब्रेक ऑइलची बाटली काढली. त्या बाटलीचं झाकण कधीच हरवलेलं. जागी वर्तमानपत्राचा घट्ट बोळा. बोळा दातानं उपसून ते बाटली तिरपी करणार, तेवढ्यात भाच्यानं त्यांचं मनगट धरलं.

“मिस्त्री, थांबा. तेल कमी का झालं ते आधी बघू.”

“कमी झालं म्हणून कमी झालं. घालायचं.”

“गळतंय कुठं?”

“गळत न्हाई. लीक असती तर खाली ठिपका दिसला आसता.”

“मग गेलं कुठं?”

हा प्रश्न आमच्या गॅरेजच्या इतिहासात पहिल्यांदाच विचारला गेला असावा. मिस्त्रींनी बोळा परत बसवला.

भाच्यानं पुढचं चाक खोलून दाखवलं. डिस्क, तिला दोन्ही बाजूंनी चिमटणारे पॅड आणि पॅडामागं कॅलिपरचा पिस्टन. पॅड झिजत जातो तसा पिस्टन त्याच्या मागोमाग पुढं सरकतो. त्याच्या पाठीमागं जी जागा मोकळी होते ती भरायला वरच्या बाटलीतलं तेल खाली उतरतं. तेल कुठं गेलेलं नाही, पिस्टनच्या पाठीशी जाऊन बसलंय. म्हणजे ती बाटली खरं तर पॅडांचा हिशेब ठेवते. रेघ खाली आली याचा अर्थ आधी पॅड बघा. नव्या पॅडवर तेल मॅक्सला होतं, आता मिनला आलंय आणि गळती कुठंच नाही, तर तेल एकदम बरोबर आहे, संपलेत ते पॅड.

“आन् वरून घातलं तर?” तात्यांनी विचारलं.

“तर बाटली भरलेली दिसते आणि पॅड संपलेत हे कुणाला कळतच नाही. वरून तेलाचा दिवा लागायचा तोही लागत नाही. पुढं कधीतरी नवे पॅड बसवताना पिस्टन मागं दाबावा लागतो. मग ते सगळं तेल उलट वर चढतं आणि झाकणातून बाहेर येतं.”

“येऊ दे. पुसून घ्यायचं.”

“पुसून जात नाही. रंग फुगवून सोलून काढतं. लगेच पाण्यानं धुतलं तर वाचतो.”

मिस्त्रींनी हळूच माझ्या शेजाऱ्याच्या गाडीकडं बघितलं. तिच्या इंजिनाखालच्या पत्र्यावर पोपडे का सुटलेत याचं कोडं गेली कित्येक वर्षं गावाला पडलेलं होतं. समुद्राचा खारा वारा इथवर येतो, इथपर्यंत चर्चा गेली होती.

मला हे वरून ओतणं फार ओळखीचं वाटलं. पीककर्जाचं नवं-जुनं करतात ना, तसंच. मार्च आला की कुठून तरी पैसे आणून जुनं खातं भरायचं, दोन दिवसांनी त्याच खात्यावर नवं उचलायचं. कागदावर रेघ मॅक्सला. सोयाबीन का गेलं, हळदीला भाव का नव्हता, बोअर का आटला, हे विचारायची वेळच येत नाही. बाटली भरलेली, बँक खूश, आपण खूश. पॅडाकडं बघतो कोण?

पॅड बदलायचं ठरलं तेवढ्यात भाच्यानं पिशवीतून पेनाएवढं एक यंत्र काढलं. टोक तेलात बुडवायचं, तेलात पाणी किती आहे त्याप्रमाणे दिवे लागतात. हिरवा, पिवळा, लाल. आमच्या तेलानं लाल दाखवला. हे बघून तात्या कमालीचे अस्वस्थ झाले. “दुधात चालतं का हे?” त्यांनी विचारलं. भाचा म्हणाला, नाही. तात्यांनी सुटकेचा जो श्वास टाकला तो दूध घालणाऱ्या मंडळींच्या लक्षात आला, आणि त्यावर पुढं आठवडाभर गावात कुजबुज चालू होती.

पण तेलात पाणी जातं कुठून? तर ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढून घेतं. रबरी नळ्यांतून, झाकणाच्या बारीक भोकातून आणि अर्थात वर्तमानपत्राच्या बोळ्यातून. म्हणून दर दोन वर्षांनी सगळं तेल काढून नवं भरायचं असतं आणि एकदा उघडलेली बाटली फळीवर पिढ्यान् पिढ्या ठेवायची नसते. तेलाच्या जाती असतात. डॉट ३ कोरडं असताना २०५ अंशांना उकळतं, पण त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी शिरलं की १४० लाच. डॉट ४ कोरडं २३०, ओलं १५५. डॉट ५.१ कोरडं २६०, ओलं १८०. रेसिंगवाल्यांचं खास तेल कोरडं असताना ३०० च्याही वर टिकतं. बाजारातून औंढ्यापर्यंत जाण्यात ब्रेकचं तेल काही उकळत नाही, म्हणून आमचं भागतं. ट्रॅकवर तसं नसतं.

“कामून, तिथं काय वेगळं?” हॉटेलवाल्याला आता खरंच रस वाटायला लागला होता.

भाच्यानं हिशेब मांडला. माणसासकट साडेअकराशे किलोची गाडी ताशी १२० च्या वेगावरून पूर्ण थांबवली, तर त्या एका ब्रेकात जेवढी उष्णता निघते तेवढ्यात दोन लिटर गार पाणी उकळीला येतं. गाडीचा सगळा वेग शेवटी डिस्क तापवण्यातच खर्च होतो, त्याला जायला दुसरी जागा नाही. ट्रॅकवर मिनिटामिनिटाला असा ब्रेक, कधी निम्मा, कधी पुरता. डिस्क पाचशे अंशांच्या पुढं जाते.

“दोन लिटर म्हणजे वीस कप,” हॉटेलवाला तोंडातल्या तोंडात म्हणाला. “एका ब्रेकात.” गॅसच्या टाकीचा भाव त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट वाचता येत होता.

ही उष्णता पॅडातून पिस्टनला आणि पिस्टनातून तेलाला लागते. तेल उकळलं की बुडबुडे होतात. द्रव दाबला तर दबत नाही, म्हणून पायाचा जोर थेट चाकापर्यंत पोचतो. पास्कलनं साडेतीनशे वर्षांपूर्वी सांगून ठेवलेलं आहे. वाफ मात्र दबते. पाय दाबला की बुडबुडे आवळले जातात, पेडल सरळ फळीला जाऊन टेकतं आणि गाडी आपल्या वेगानं चालू राहते. यातली खरी हलकट गोष्ट पुढंच आहे. गाडी थंड झाली की वाफेचं पुन्हा तेल होतं, पेडल घट्ट लागतं, आणि मिस्त्री म्हणतात, “ब्रेक तर झकास हाय, तुम्हालाच मारता आला नसंल.”

हे सगळं ओसरीवरून ऐकत बसलेली आमची आजी इतका वेळ गप्प होती. “एरंडेल घाला,” ती म्हणाली. “आमच्या गाडीच्या आखाला एरंडेलच असायचं. कधी काही झालं नाही.” सगळे हसले. भाचा मात्र हसला नाही. कारण द्रवाचे ब्रेक जेव्हा नवे होते, म्हणजे अमेरिकेतल्या ड्यूसेनबर्ग कंपनीनं १९२१ च्या सुमारास आपल्या मोटारीच्या चारही चाकांना ते बसवले, त्या काळापासून पुढं बरीच वर्षं ब्रेकच्या तेलात अल्कोहोल आणि चक्क एरंडेल असायचं. हे कळल्यावर आजी एवढंच म्हणाली, “मग? आन् ते पोटालाबी चांगलं.”

आता आली हवा काढायची पाळी. हा प्रकार एकट्याला जमत नाही. एक जण सीटवर बसून पेडल दाबतो, एक जण चाकापाशी निपल उघडतो-बंद करतो, एक जण वरच्या बाटलीकडं बघतो. वर तेल कमी पडलं आणि बाटली रिकामी झाली की हवा परत आत शिरते आणि सगळं पहिल्यापासून. सीटवर आमचे चिरंजीव, चाकापाशी भाचा, बाटलीवर आबा, माझ्या हातात बॅटरी. मास्टर सिलेंडरपासून सगळ्यात लांबचं चाक सहसा आधी घेतात, म्हणून सुरुवात डाव्या मागच्या चाकापासून. निपलाला पारदर्शक नळी, नळीचं दुसरं टोक पाण्याच्या जुन्या बाटलीत, बाटलीच्या तळाला थोडं तेल. हुकूम तीनच. दाब. धर. सोड. ‘धर’ म्हटलं की निपल उघडायचं, तेल सुटकन नळीत येतं, पेडल खाली जातं. निपल बंद केल्यावरच ‘सोड’ म्हणायचं, तेव्हाच पाय उचलायचा. निपल उघडं असताना पाय उचलला की जेवढी हवा काढली तेवढीच परत ओढली जाते.

“दाब.”

“दाबला.”

“धर.”

“धरला.”

नळीतून काळपट तेल आलं, त्यामागं बारीक बुडबुड्यांची माळ. बॅटरीच्या उजेडात ते एकेक करून नळीच्या वळणाला अडत होते, आणि भाच्याच्या चेहऱ्यावर असं समाधान होतं की त्याच्या लग्नातसुद्धा मी ते बघितलं नव्हतं. निपल अजून उघडंच होतं. तेवढ्यात शेजारच्या गोठ्यातून खणखणीत आवाज आला, “सोड की रे आता!”

वासरू सोडायचं होतं. धार काढायची वेळ झाली होती. वासरू सुटलं आणि चिरंजीवांचा पायही. नळीतलं सगळं तेल उलटं धावत आत गेलं, त्यामागं बुडबुडे, त्यामागं बाटलीतली हवा. भाचा गाडीखालून जे बोलला ते पुण्याला शिकलेलं नव्हतं, अस्सल इथलंच होतं.

मग हुकूम बदलले. दाबला एक, धरला दोन, सोडायचं तीन. आकड्यांवर काम सुरळीत चाललं, तिसऱ्या चाकापर्यंत. आबा बाटलीवर डोळे लावून बसलेले. एवढ्यात कुणाच्या तरी मोबाइलवर वसमतच्या मोंढ्यातला हळदीचा भाव आला. वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून आबा प्रत्येक भावाला ‘मानांकनाचा भाव न्हाई हा’ असं म्हणून उभे राहतात. ते उभे राहिले. भावावर चर्चा झाली, मानांकनावर झाली, पॉलिशच्या ड्रमवर झाली. खाली भाचा तीन म्हणत राहिला, चिरंजीव सोडत राहिले, आणि वर बाटलीचा तळ दिसायला लागला. तिन्ही चाकं परत.

अंधार पडायच्या आत चारही चाकांतून स्वच्छ, फिकट पिवळं तेल आलं, त्यात एकही बुडबुडा नाही. पेडल दगडाला लागल्यागत घट्ट झालं. काळी-पिवळीवाला येऊन ठेपलेलाच होता. “बघू तरी,” म्हणून तो बसला, मागं मिस्त्री, बाजूला भाचा. बाजार समितीच्या गेटपर्यंत जाऊन यायचं. गेट आलं, ड्रायव्हरनं सवयीनं लांबूनच पहिला पंप मारला. गाडी जागच्या जागी उभी. मिस्त्रींचं कपाळ पुढच्या सीटला. “अरे, पहिल्याच पंपाला लागला की!” ड्रायव्हर ओरडला. मला त्याच्या आवाजात कौतुकापेक्षा तक्रारच जास्त ऐकू आली. परत येताना भाच्यानं त्याला सांगितलं, ट्रॅकवर वळणाआधी पाट्या असतात, दीडशे, शंभर, पन्नास मीटर, कुठं ब्रेक मारायचा ते त्या पाटीवरून ठरवतात. ड्रायव्हर म्हणाला, “मग आपलं वेगळं काय हाय? आपली पाटी रसवंती.”

शेवटचं काम तेलाच्या पातळीचं. आता पॅड नवे, त्यामुळं तेल मॅक्सच्या रेघेपर्यंत, पण रेघेच्या वर एक थेंब नाही. रेघेच्या खाली फार ठेवलं तर वळणात नि जोराच्या ब्रेकात तेल एका कडेला जातं, बाटलीतला तरंगता बोंडा खाली बसतो आणि भर वेगात समोर लाल दिवा पेटतो. फार वर ठेवलं तर तापून फुगतं, हिंदकळतं आणि झाकणाच्या भोकातून बाहेर. तेवढ्यासाठी ट्रॅकवाले त्या बाटलीच्या गळ्याला मनगटावर घालतात तसली जाड कापडी पट्टी गुंडाळतात. थेंब कापडात मुरतो, रंग वाचतो. भाचा पट्टी पुण्यालाच विसरला होता. आबांनी खांद्यावरचा गमछा काढला आणि दोन पदरी घडी करून बाटलीला बांधला. गाठ अशी पक्की की ती सोडवायला कोइंबतूरला माणूस मिळेल का, ही शंका मला त्याच वेळी आली.

एक गोष्ट मात्र भाच्यानं सगळ्यांना मुद्दाम सांगितली. ट्रॅकवरून गाडी आत आणली की हँडब्रेक ओढायचा नाही. तापलेले शूज तापलेल्या ड्रमला चिकटून बसतात. एक चक्कर सावकाश मारून ब्रेक गार करायचे, गाडी गिअरमध्ये ठेवायची आणि चाकाला दगड लावायचा.

“दगड?” मिस्त्रींचा चेहरा उजळला.

“दगड.”

आयुष्यभर आम्ही गाडीच्या चाकाला दगड लावत आलो, शहरातल्या पाहुण्यांनी त्यावरून आमची टिंगल केली, आणि कोइंबतूरला फी भरणारी माणसं नेमकं तेच करतात. मिस्त्रींनी गॅरेजमागून एक तिकोनी काळा दगड निवडून आणला, धुतला आणि डिकीत ठेवला. मामीनं त्याला हळद-कुंकू लावलं नाही एवढंच.

रविवारी पहाटे गाडी निघाली. पुढचा आठवडाभर आमचा ओटा कोइंबतूरच्या बाजूला कान लावून होता. शनिवारी रात्री फोन आला तेव्हा मी स्पीकर चालू केला. गाडी पळाली. ब्रेक दिवसभर पहिल्या दाबाला. तेल मॅक्सला होतं तिथंच, गमछ्याला दोन थेंब. दगडाला तिथल्या एका मद्रासी माणसानं फोटो काढण्यासाठी हातात धरलं. ओट्यावर आनंदीआनंद. मिस्त्रींनी स्वतःच्याच पाठीवर थाप मारायचा प्रयत्न केला.

“आन् नंबर कितवा आला?” आबांनी विचारलं.

“नंबर नसतो आबा. ट्रॅक डे आहे, रेस नाही. आपली आपण गाडी पळवायची.”

“बक्षीस?”

“बक्षीस नसतं.”

“मग गेली कुठवर गाडी?”

“कुठवर नाही. गोल ट्रॅक आहे. जिथून निघाली तिथंच परत.”

आबा बराच वेळ फोनकडं बघत राहिले. “हजार किलोमीटर जाऊन, पैसे भरून, निघाला तिथंच परत आला,” ते म्हणाले. “त्यापेक्षा परभणीला जाऊन आला असतास तर माझं सोयाबीनचं बियाणं तरी आणलं असतंस. आन् गमछा धुऊन आण.”